मजुरी न मागणारा कारकून

डॉक्टर हिरेमठ बाईंनी फोटो उजेडाला धरला.
डोक्याच्या मागं, उजव्या अंगाला, खाली,
करडईच्या दाण्याएवढा डाग.
म्हटल्या, भरमाण्णा, डोळे तुमचे उत्तम आहेत.
भिंतीवरचा तक्ता वाचून घेतला माझ्याकडनं,
कन्नड, मराठी, इंग्रजी, तळच्या ओळीपर्यंत.
मी म्हटलं, बाई, हा रंगवला कुणी?
‘क’ची कंबर मोडलीय.

डोळे उत्तम. तेच तर.
त्या दिवशी शहापूरच्या खडेबाजारात उभा होतो
आणि सगळं दिसत होतं:
साड्यांची दुकानं, भडंगाची गाडी, तारेवरचा पतंग.
फक्त त्यातलं काहीच
‘इकडं ये’ म्हणत नव्हतं.

चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या,
पण वाट कधी शोधली नव्हती मी.
सायकलवर बसलं की भिंती
दोन्ही कानांजवळनं मागं वाहायच्या,
जवळच्या घाईनं, लांबच्या सावकाश,
आणि राजहंसगड जागचा हलायचाच नाही.
एवढ्यावर आत कुणीतरी हिशेब मांडायचा:
किती आलास, किती उरलं, आता डावीकडं.
मजुरी न मागणारा कारकून.
तो रजेवर गेला तेव्हा कळलं, होता म्हणून.

नातीनं, प्रांजलनं, परीक्षा घेतली.
कॅलेंडरच्या पाठीमागं मी सगळं वडगाव काढून दिलं,
बोळ, विहीर, मागावाल्यांचे दरवाजे,
पत्र्याच्या शेडपाशी रस्ता दबतो तेसुद्धा.
ती कागद घेऊन हिंडली. एक चूक नाही.
मग मला त्याच कोपऱ्यावर उभं केलं.
आजोबा, आता?
मनात एक गल्ली, समोर एक गल्ली.
दोघी शेजारणी, आणि बोलणं बंद.

आता वाचत वाचत घरी येतो.
तिसरी पाटी, मग पिठाची गिरण, मग उजवीकडं.
पण आमच्या गावात पाट्यांचा काय भरवसा?
मीच तर बदलल्यात, रोजावर,
वरचं खाली, खालचं वर, मोठं बारीक,
जुन्यावर पांढरा हात, त्यावर नवी लिपी.
साडेपाचच्या तिरक्या उन्हात
तळातली अक्षरं फुगून वर येतात,
आणि ‘ळ’चा तो बाक बघून
हात म्हणतो, इथं आलोय मी. शिडी लावली होती इथं.
पायांना त्याचा पत्ता नसतो.

मध्ये एका निळ्या स्कूटरला खूण धरलं.
आठ दिवस बरं चाललं.
नवव्या दिवशी स्कूटर शिनोळीला गेली,
सोयरिकीला,
आणि मी तासभर हद्दीबाहेर,
माझ्याच गल्लीत.

यल्लू म्हणते, हात धरून आणते की.
नको म्हणतो. हात धरला तर
डोळ्यांना काम काय उरेल?
त्यांना रोज मोजायला लावतो:
खांब, गटारावरच्या फरशा, हिरवा दरवाजा,
हिरव्याच्या आधीचा दुसरा हिरवा.
लहान पोरानं पाढे म्हणावेत तसं.
बाई म्हणतात, कधी कधी शेजारचा कारकून
काम शिकून घेतो. म्हणतात, कधी कधी.

संध्याकाळी एका घरासमोर थांबतो.
पायरी, तुळस, खिडकीला जुना पडदा.
चांगलं घर आहे. कुणाचं कुणास ठाऊक.
रंग बघतो, चौकट बघतो,
चौकटीवरचं नाव वाचतो. अक्षर ओळखीचं,
नावही माझंच.
तरी पाय उचलत नाही.

मग आतनं ती येते, हाताला पीठ,
म्हणते, उभं का रे असा परक्यागत?

तोंडं मला ओळखू येतात, ती दाणा सोडून राहिलीत.
मी तिच्याकडं बघत राहतो,
आणि तिच्या मागं
आधी दार, मग भिंत, मग कौलं,
सावकाश,
घर होत जातं.